ट्रायलचे दिवस आणि त्यांचा पगार : सीझनच्या तोंडावर माहितीचा धागा

वाशिष्ठीकाठ

गणपती आटोपले की मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोली, हर्णै या सगळ्या पट्ट्यात दिवाळीच्या सीझनसाठी माणसं घ्यायला सुरुवात होते. स्वयंपाकी, वाढपी, हाउसकीपिंग, बोटीवर खलाशी, काउंटरवर मुलगा-मुलगी. जाहिरातीत एक ओळ हमखास असते : "आधी आठवडाभर ट्रायल, काम बघून पगार ठरवू." त्या आठवड्याचे पैसे मिळणार की नाही, ते कुठेच लिहिलेलं नसतं. विचारलं की "अजून तुला ठेवलंय कुठे?" हे उत्तर तयार असतं.

माणूस पारखून घेण्याला कुणाचाच विरोध नसावा. पण पारख किती वेळात होते आणि कुठून पुढे फुकट राबवणं सुरू होतं, हे त्या त्या धंद्यातल्या माणसालाच नेमकं सांगता येईल. म्हणून हा धागा. कहाण्यांपेक्षा तपशील लिहावा ही विनंती.

माझी कसोटी अशी : परीक्षेत केलेल्या कामाचं पुढे काय झालं ते बघा. तळलेली तुकडी परीक्षा घेणाऱ्याने चाखून बघितली तर ती परीक्षा. तीच तुकडी गिऱ्हाइकाच्या ताटात गेली आणि बिलात लागली, तर मालकाने तुमची मजुरी विकली. मग तिचे पैसे द्यायलाच हवेत.

कायद्याचं थोडक्यात. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पूर्वीचा किमान वेतनाचा १९४८चा कायदा ठरावीक धंद्यांच्या यादीपुरता होता, आता किमान वेतन सगळ्याच कामांना आहे. संहितेत कर्मचाऱ्याची जी व्याख्या आहे तिच्यात नेमणुकीच्या अटी स्पष्ट ठरलेल्या असोत की वागण्यातून दिसत असोत, दोन्ही चालतात. म्हणजे कागद झाला नाही एवढ्यावर पगार बुडवता येत नाही. आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलेलं आहे. आपल्याकडे वेठबिगार म्हणतात ती हीच.

सुरंगीचा_वळेसर

स्वयंपाकघराचं लिहिते. मालवणी जेवण करणाऱ्याची पारख अडीच तासांत होते. ती सकाळी ९ ते साडेअकरात उरकावी, कारण बाराला पहिली ताटं लागतात आणि मग "जरा हात लाव" सुरू होतं.

साहित्य फार नको. अर्धा किलो बांगडे, पाव किलो कोळंबी, एक नारळ, दोन वाट्या तांदळाचं पीठ, आठ-दहा तिरफळं, थोडं आगळ (कोकमाचा घट्ट रस). एवढ्यातून बांगड्याचं तिखलं, कोळंबीचं सुकं, दोन भाकऱ्या आणि सोलकढी होते.

बघायचं काय, तर आधी हात. बांगड्याचे कल्ले पूर्ण निघाले का, पोटातली काळी पापडी खरवडली का, आदोळीवर (विळीवर) बसला की सुरी मागितली (दोन्ही चालतं, पण हॉटेलात उभ्याने काम असतं, म्हणून सुरीची सवय आहे का ते बघावं). कोळंबीचा पाठीतला काळा दोरा न तोडता ओढून काढतो का. तिरफळ हा फार मोठा परीक्षक आहे. आतलं काळं बी काढून टाकायचं, साल किंचित ठेचायची आणि रश्शाला कढ येताना टाकायची. जो तिरफळ वाटणात घालून बारीक वाटतो त्याने हा रस्सा आधी केलेला नाही, कारण वाटलेलं तिरफळ कडू उतरतं. भाकरीचं पीठ उकड काढून मळलं की नाही ते थापताना कडेवरून कळतं. कड फाटत असेल तर पाणी नीट उकळलं नव्हतं किंवा मळणं कमी पडलं. सोलकढीचं पातेलं गॅसवर ठेवलं तर तिथेच थांबवायला हरकत नाही, ती फाटणारच.

अर्धा किलो बांगडे साफ करून, चिरा पाडून, मीठ-हळद-आगळ लावून ठेवायला सराईत माणसाला दहा-बारा मिनिटं लागतात. अडीच तासांत हे सगळं दिसतं. त्यासाठी शनिवार-रविवार दोन्ही दिवस चाळीस-चाळीस ताटं काढून घ्यायची गरज नाही.

फसवणूक ओळखायची एक खूण सांगते. एकाच ठिकाणची जाहिरात दर बुधवार-गुरुवारी नव्याने येत असेल, "ट्रायल शुक्रवारपासून" असं असेल आणि सोमवारी "कळवतो" म्हणून माणूस परत पाठवला जात असेल, तर तिथे जागा रिकामी नाहीच, वीकेंडची गर्दी निभावायची आहे. नाताळ ते ३१ डिसेंबरच्या आठवड्यात हे सगळ्यात जास्त चालतं. जाण्याआधी जाहिरातीच्या ग्रुपवर मागचे दोन महिने त्या ठिकाणाचं नाव शोधून बघा.

नारळीपोफळी

होमस्टे चालवणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा. सुरंगीताई, तुमच्या अडीच तासांत हाताची चव कळते, पण पहाटे उठतो का, चौथ्या दिवशीही ओटा पुसतो का, पाहुण्यांशी कसा बोलतो, हे कळत नाही. ऐन सीझनमध्ये माणूस पळाला तर आठ खोल्यांच्या घराचे हाल होतात. तीन-चार दिवस तरी बघावंच लागतं. शिवाय राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण आम्ही देतोच.

वाशिष्ठीकाठ

तीन-चार दिवस जरूर बघा, फक्त ते दिवस पगारी ठेवा. ठरलेल्या महिन्याच्या पगाराला २६ ने भागलं की एका दिवसाचा आकडा येतो. महाराष्ट्रातल्या किमान वेतनाच्या अधिसूचनांतही रोजचा दर असाच काढतात. उदाहरणार्थ १८,२०० ठरले तर दिवसाला ७००, तीन दिवसांचे २,१००. माणूस नाही पटला तर २,१०० हातावर ठेवून मोकळे. हा तुमच्यासाठीही सरळ मार्ग आहे, कारण कुणी कामगार कार्यालयात गेलं तर तुमच्याकडे दाखवायला नोंद असते.

किती द्यायचं याचा तळ मात्र आपण ठरवत नाही. तुमचं गाव कोणत्या परिमंडळात (किमान वेतनासाठी पाडलेल्या विभागात) येतं आणि काम कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावर मूळ दर ठरतो. त्यावर विशेष भत्ता असतो, तो दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. गेल्या सीझनचा आकडा यंदा धरून चालू नका.

खोली आणि जेवणाबद्दल : ते दिलं म्हणजे पगार फिटला असं होत नाही. वस्तुरूपात दिलेलं एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येतं, आणि राहण्याच्या जागेचं मूल्य तर वेतनाच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवलेलं आहे. तसंच ताट फुटलं, गॅस जास्त जळला, म्हणून परस्पर पैसे कापता येत नाहीत. त्या माणसाच्या ताब्यात दिलेली वस्तू त्याच्याच निष्काळजीपणाने गेली असं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

जांभाचिरा

वेल्डिंगमध्ये परीक्षा कशी असावी हे आधीपासून ठरलेलं आहे, इतर धंद्यांनी त्यावरून घेण्यासारखं आहे. लोटे परशुरामच्या कारखान्यांत पाइपच्या कामाला वेल्डर घेताना सिक्स-जी टेस्ट देतात. पाइपचे दोन तुकडे ४५ अंशात पक्के बांधतात, पाइप फिरवायचा नाही, वेल्डरने भोवती फिरायचं. रूट गॅप, म्हणजे दोन तुकड्यांमधली फट, अडीच-तीन मिलिमीटर. रूट (तळाचा पहिला थर) टिग वेल्डिंगने, वरचे थर ७०१८ इलेक्ट्रोडने. नंतर तुकड्याची रेडिओग्राफी करतात किंवा त्यातून चार पट्ट्या कापून वाकवतात. वाकवलेल्या पट्टीवर कोणत्याही दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास. अर्ध्या दिवसाचं काम, आणि तो तुकडा भंगारात जातो. म्हणूनच ही परीक्षा फुकट दिली तरी कुणाची तक्रार नसते.

"आमच्याकडे टेस्ट पीस नाही, चालू लाइनवरच चार जॉइंट मारून दाखव" असं म्हटलं तर ते काम आहे. जॉइंटवर तुमचा वेल्डर नंबर टाकलेला नसेल तर आणखी धोका, कारण उद्या गळती झाली की कुणाचा जॉइंट ते ठरवता येत नाही आणि नवा माणूसच सापडतो.

पावसाळ्यात टेस्ट द्यायची असेल तर एक काळजी घ्या. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा इलेक्ट्रोड आहे, त्याचं आवरण हवेतला ओलावा ओढतं. जुलैतल्या कोकणच्या हवेत उघड्या पाकिटातल्या इलेक्ट्रोडने मारलेल्या वेल्डमध्ये छिद्रं येतात, पुढे तडेही जातात, आणि ठपका वेल्डरवर बसतो. सुरू करण्याआधी विचारा : इलेक्ट्रोड भट्टीत भाजलेत का? ३००-३५० अंशाला तास-दोन तास भाजून नंतर १२० अंशाच्या आसपास गरम ठेवलेले हवेत. हे विचारणारा उमेदवार चांगल्या सुपरवायझरला आवडतोच.

काजूबी

काजूच्या कारखान्यांत "शिकाऊ" म्हणून आठ-दहा दिवस फुकट सोलून घेतात, त्यावर लिहितो.

सोलायचा हात बघायला २५० ग्रॅम वाळवलेला गर पुरतो. तीन गोष्टी बघायच्या : साल पूर्ण निघाली का, सुरीचा ओरखडा गरावर उठला का, आणि तुकडे किती झाले. तुकड्यांचं वजन वेगळं करायचं. अख्ख्या गराचा भाव आणि तुकड्याचा भाव यांत बराच फरक असतो, त्यामुळे मालकाला कळायचं ते एवढ्यातच कळतं. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, डब्ल्यू-२४० म्हणजे त्याहून मोठे. ही प्रतवारी नजरेने करता येते का, ते शंभर गर पुढ्यात टाकून पाच मिनिटांत बघता येतं.

सोलणं किलोवर असलं तरी पूर्ण पाळी भरलेल्या बाईला दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. नव्या हाताचा वेग कमी असतो आणि किलोचा हिशेब लावला तर पन्नास-साठ रुपयेच होतात, तिथेच हा नियम कामी येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत दोन आकडे लिहावेत, आल्या-गेल्याची वेळ आणि सोललेलं वजन. नुसतं वजन लिहिलं तर तास सिद्ध करता येत नाहीत.

बी फोडायला बसवत असतील तर हातमोजे किंवा हाताला तेल-राख मिळते का ते आधी बघा. टरफलातलं तेल कातडी भाजतं. "चार दिवसांसाठी कशाला हातमोजे" हे ऐकून घेऊ नका.

आंब्याच्या पॅकिंगलाही तसंच. चाळीस फळं द्या, हातानेच अडीचशे ग्रॅमच्या आतली आणि वरची वेगळी करायला सांगा, मग काट्यावर तपासा. देठ मोडून चीक फळावर सांडू दिला का, ते बघा. पंधरा-वीस मिनिटांचा मामला आहे. साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं) आतून असतो, तो वरून ओळखला नाही म्हणून कुणाला नापास करू नये.

उधाणभरती

बोटीवर "एक फेरी येऊन बघ" म्हणतात. १ जूनपासूनची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांना हे जास्त होतं, कारण माणसं पुरी जमलेली नसतात.

बंदरात उभ्या बोटीवर बरंच तपासता येतं. फाटलेलं जाळं पुढ्यात द्या, वीतभर भोक आस (जाळ्याचा डोळा) जुळवून शिवायला सांगा. आस लहान-मोठा झाला की जाळं ओढताना तिथेच ताण येऊन परत फाटतं. दोराच्या गाठी, दोर वळून ठेवणं, खणात बर्फाचे थर लावणं, आणि पोहणं. अर्धा-पाऊण तास खूप झाला.

समुद्रात नेलं की ती परीक्षा राहत नाही. तो माणूस जाळं ओढणार, मासळी निवडणार, रात्रीचा पहारा देणार. निघण्याआधी तांडेलाकडे (बोटीच्या प्रमुखाकडे) तीन गोष्टी पक्क्या करा. खलाशांच्या यादीत नाव चढलं का. आपल्या नावाचं लाइफ जॅकेट आहे का. आणि वाटा पूर्ण, अर्धा की रोजावर. वाट्याच्या बोटीवर डिझेल, बर्फ, शिधा वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात. नव्या माणसाचा वाटा धरलाच नाही तर तो इतरांना मिळतो असं समजू नका, बहुतेक वेळा तो मालकाच्याच बाजूला जातो. आणि विमा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमारांना गट अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख. पण नाव नोंदलेलं असेल त्यालाच. बघायला म्हणून आलेल्याच्या घरच्यांना तो मिळायचा नाही.

कर्लीची_खाडी

वॉटर स्पोर्ट्सवाल्यांसाठी छोटी भर. पाडी या पाणबुडे घडवणाऱ्या संस्थेच्या डाइव्हमास्टर अभ्यासक्रमातले पाण्यातले निकष मोजता येण्यासारखे आहेत : न थांबता ४०० मीटर पोहणं, १५ मिनिटं तरंगत राहणं, स्नॉर्केल लावून ८०० मीटर, थकलेल्या पाणबुड्याला १०० मीटर ओढत आणणं. घड्याळ लावून सकाळच्या दोन तासांत सगळं होतं. सिलिंडर वाहणं आणि पर्यटकांना पाण्यात उतरवणं ही मजुरी आहे आणि जबाबदारीही. कुणाला काही झालं तर "हा आमचा माणूसच नाही" असं म्हणायला मालक मोकळा राहतो, म्हणून लेखी नेमणुकीशिवाय गिऱ्हाइकाला हात लावू नका. मे महिन्यात शाळकरी पोरांना "शिकायला" ठेवतात, ते तर बंदच व्हायला हवं.

सडा_आणि_कातळ

फोटो, रील, मेन्यूकार्डाचं डिझाइन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. "सॅम्पल म्हणून आमच्या रिसॉर्टचंच एक रील करून द्या" ही मागणी आली की कॉपीराइट कायदा १९५७ तुमच्या बाजूने आहे. नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क मालकाचा, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचाही हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. पण नोकरीही नाही आणि पैसेही नाहीत, तर हक्क तुमच्याकडेच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला कागद लागतो, व्हॉट्सॲपवरचं "ओके" पुरत नाही.

व्यवहारात असं करा. सॅम्पल त्यांच्या जागेचं करू नका, आधीचं काम दाखवा. करायचंच झालं तर फोटो ८०० पिक्सेलच्या आत, नाव मधोमध आडवं, मूळ रॉ फाइल स्वतःकडे. सोबत एक ओळ पाठवा : "हा नमुना फक्त निवडीसाठी आहे. वापरायचा असल्यास आधी मोबदला ठरवावा लागेल." नंतर तेच चित्र त्यांच्या पानावर दिसलं तर त्या तारखेचा स्क्रीनशॉट आणि तुमची रॉ फाइल एवढं पुरतं. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हीकडे कॉपीराइटच्या तक्रारीचा अर्ज आहे, तिथे आधी द्या.

आणि घरबसल्या डेटा एंट्रीची "ट्रायल" देऊन वर नोंदणी फी किंवा चुकांचा दंड मागणारे हे मालकच नव्हेत, ते ठग आहेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

घावणे_रस

ट्रायल होऊन गेली आहे, कागद काही नाही, मालक फोन उचलत नाही, अशा माणसाने नेमकं काय करायचं? रक्कम लहान असते, चार-पाच हजार, म्हणून लोक सोडून देतात.

वाशिष्ठीकाठ

सोडू नये. वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. अधिकारी थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतो. आणि महत्त्वाचं म्हणजे पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी कलम ५९ खाली मालकावर आहे. आपल्याला दाखवायचं ते एवढंच, की आपण तिथे काम केलं.

त्यासाठी कागदच लागतो असं नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, "उद्या ९ ला या" हा मेसेज, फोनमधली लोकेशनची नोंद, एसटीचं तिकीट, कामाच्या कपड्यांतला तिथला फोटो, सोबत काम करणाऱ्या एकाचं नाव. फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. सुनावणीत व्हॉट्सॲपचा पुरावा लावायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडतात, आणि त्याला मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पहिलं पाऊल म्हणजे मालकाला लेखी मागणी. काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो, तेवढे दिवस गेले की पाठवा. मजकूर छोटा ठेवा :

"मी दि. … ते दि. … असे … दिवस आपल्याकडे स्वयंपाकी म्हणून सकाळी … ते रात्री … काम केले. ठरलेला मासिक पगार रु. … असून त्याप्रमाणे … दिवसांचे रु. … येणे आहे. ही रक्कम सात दिवसांत खालील बँक खात्यात जमा करावी, अन्यथा वेतन संहितेखाली दावा दाखल करीन."

स्पीड पोस्टाने पाठवा आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाका. पगार ठरलाच नव्हता असं असेल तर त्या कामाचं त्या परिमंडळातलं किमान वेतन धरा. शिव्या, धमकी, समाजमाध्यमावर नावानिशी पोस्ट यातलं काही करू नका, उलट अब्रुनुकसानीची नोटीस येते आणि मूळ पैशांचा विषय मागे पडतो.

सुरंगीचा_वळेसर

बहुतेक ठिकाणी या पत्रावरच पैसे येतात. सीझनमध्ये कुणालाच कार्यालयाचे हेलपाटे नको असतात.

वाशिष्ठीकाठ

होय. आणि नाहीच आले तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज करा. रत्नागिरी जिल्ह्याचं रत्नागिरी शहरात, सिंधुदुर्गचं ओरोसला. अर्जावर मालकाचं घरगुती नाव लिहून भागत नाही. बिलावर किंवा जीएसटीच्या पाटीवर असतं ते आस्थापनेचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. जेवणाच्या बिलाचा एक फोटो काढून ठेवलेला असला तर हे काम सोपं होतं, नाहीतर अर्ज त्रुटी म्हणून परत येतो. वकील करायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, क्रमांक १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक तिथे द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक चौकशीला तोच क्रमांक विचारतात.